‘मी काय, फक्त फोन घेते’

कर्नाटकातल्या निपाणीजवळच्या एका गावातून एका आईचं पत्र आलंय. घरची ट्रॅव्हल्स आहे. एक ३५ सीटची बस, तीन टीटी (टेम्पो ट्रॅव्हलर) आणि एक इनोव्हा. मिस्टर आणि दीर मिळून १८ वर्षं चालवतायत, दिरांचा मुलगा दोन वर्षांपासून गाडीवर आहे. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. तिला घरचाच धंदा करायचाय, वडील म्हणतात बँकेच्या परीक्षा दे. आईचे प्रश्न तीन: मुलीच्या जातीला हे झेपेल का, शिकलेलं वाया जाईल का, आणि यासाठी कुठला कोर्स असतो. शिवाय पत्रात जाता जाता एक वाक्य आलंय: ‘मी काय, फक्त फोन घेते आणि याद्या करते.’

ताई, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या ‘फक्त’पाशी अडलो. तुम्हीच लिहिलंय की पहाटेची ट्रिप असली की साडेतीनला उठून ड्रायव्हरला फोन तुम्ही लावता. कुणाला गाडी लागते म्हणून पुढची सीट द्यायची, कुठल्या आजींना खालचाच बर्थ पाहिजे, कोण कांदा-लसूण खात नाही, हे सगळं तुमच्या वहीत असतं. पार्टीनं ॲडव्हान्स दिला की नुसताच ‘देतो’ म्हणाली, हे दिरांना आठवत नाही, तुम्हाला आठवतं. मोठ्या कंपन्यांत याला ऑपरेशन्स म्हणतात. त्याला वेगळं टेबल असतं, वेगळं माणूस असतं आणि महिन्याच्या महिन्याला पगार असतो. तुमच्याकडं हे सगळं ओट्यापाशी उभ्या उभ्या चालतं, म्हणून कुणी मोजलेलं नाही. तुम्हीसुद्धा नाही.

त्यामुळं मुलगी वडिलांच्या धंद्यात येतेय असं तुम्ही लिहिलंत तरी ती येणार आहे तुमच्या जागेवर. सल्ला द्यायचा तर त्या जागेबद्दलच दिला पाहिजे.

या जागेची किंमत मला फार महागात कळलीय. कॉलेजात असताना दोन उन्हाळे मी मामांच्या ट्रॅव्हल्समध्ये काढले, बेळगावात शहापूरला. त्यांची काशी-प्रयाग-गयेची ट्रिप होती, ३६ माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. मिरजेहून रेल्वे, सुटण्याची वेळ रात्री १२ वाजून २० मिनिटं, तिकिटावर तारीख १२. मी ऐटीत सगळ्यांना चिठ्ठ्या पाठवल्या: १२ तारखेला रात्री साडेदहाला स्टेशनवर हजर राहावे. मामींनी चिठ्ठी बघून विचारलं होतं, ‘रात्री म्हणजे कुठली रे रात्र?’ मी म्हटलं, ‘मामी, तुला त्यातलं काय कळतंय?’ रेल्वेची १२ तारीख ११च्या मध्यरात्रीच सुरू झाली होती. आम्ही ३६ जणांसह, चिवड्या-लाडवाचे डबे घेऊन, बरोबर एक दिवस उशिरा फलाटावर उभे. एका आजोबांनी तिकीट चष्म्याजवळ धरून एवढंच विचारलं, ‘बाळ, ही गाडी काल गेली की रे?’

मामा बाकावर बसून राहिले. एसटीडी बूथवरून घरी फोन गेला आणि पुढचं सगळं मामींनी केलं. रात्री एकला दोन गाडीमालकांना उठवून पुण्यापर्यंत बस ठरवली, पुण्याहून मिळतील ती तिकिटं काढायला माणूस उभा केला, काशीच्या धर्मशाळेतल्या खोल्या दोन दिवस पुढं ढकलून घेतल्या. त्या ट्रिपमध्ये नफा नावाला उरला नाही, पण एकाही माणसानं पैसे परत मागितले नाहीत. नंतर ऑफिसच्या भिंतीवर मामींनी लाल पेनानं लिहून ठेवलं: रात्री बारानंतर पुढची तारीख. तेवढीच त्यांच्या नावावरची नोंद. फर्मच्या कागदात त्यांचं नाव कुठंच नव्हतं.

म्हणून ‘मुलीच्या जातीला झेपेल का’ याचं उत्तर द्यायला मला वेळ लागणार नाही. तुम्हाला १८ वर्षं झेपलंय.

ही जागा आता पूर्वीपेक्षा अवघड झालीय. रेल्वेचं आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. म्हणजे पैसे आधी गोळा करायचे, खोल्या आधी धरायच्या आणि तिकिटं मात्र दोन महिने उरल्यावर काढायची. यादीतली चार नावं शेवटच्या आठवड्यात बदलतात ती वेगळीच. बसच्या ट्रिपलाही यादी लागतेच. ऑल इंडिया टुरिस्ट परमिटचे २०२३चे नियम आहेत, त्यांत कोण कुठून बसलं आणि कुठं उतरणार याची प्रवासी-यादी गाडीत ठेवावी लागते. निपाणीतून निघालं की पंधरा-वीस मिनिटांत कोगनोळी ओलांडून दुसरं राज्य लागतं, तेव्हा तुमच्याकडं जोतिबाची ट्रिपसुद्धा परराज्याची. तुमच्या वहीचं पान हा सरकारी कागद आहे, ताई. त्यात नसलेला माणूस, संकेश्वरला हात दाखवला म्हणून शंभर रुपयांसाठी घेतला, तर कराराच्या गाडीला, म्हणजे एका पार्टीसाठी ठरवलेल्या गाडीला, ते कायद्यानं चालत नाही. अपघात झाला तर पहिला प्रश्न त्याच माणसाचा निघतो.

धंदाही जागचा हललाय. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना सरकारी साध्या बसचा प्रवास मोफत आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माला पौर्णिमेला गल्लीतल्या बायका वर्गणी काढून गाडी ठरवायच्या, त्यातल्या कितीतरी आता सरकारी बसनं जातात, असं इकडचे गाडीमालक सांगतात. ती सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. हद्दीपलीकडच्या आणि मुक्कामाच्या ट्रिपा राहिल्या: पंढरपूर, तिरुपती, काशी. पितृपक्षात लग्नं नाहीत, मुहूर्त नाहीत, गाड्या पटांगणात उभ्या असतात. पण गयेला जाणारी माणसं नेमकी तेव्हाच निघतात. हे ज्याला जुलैत सुचतं त्याची बस सप्टेंबरात रिकामी राहत नाही. आणि असल्या ट्रिपा गाडीच्या जोरावर चालत नाहीत, यादी करणाऱ्याच्या जोरावर चालतात.

आपल्या भागाचं आणखी एक दुखणं आहे. सीमाभागात वातावरण तापलं की सगळ्यात आधी तुमचा फोन वाजतो. फेब्रुवारी २०२५मध्ये दोन्ही राज्यांच्या सरकारी बस काही दिवस थांबल्या होत्या, ते आठवत असेल. अशा दिवशी ‘गाडी कुठवर आली, पुढं सोडतायत का’ याचं खरं उत्तर देणारं माणूस लागतं, आणि त्याला दोन्हीकडं बोलता यावं लागतं. तुमची मुलगी शाळेत कन्नड शिकलीय, घरी मराठी बोलते. आरटीओच्या खिडकीवरचा कन्नड कागद ती वाचते आणि कागल-गडहिंग्लजच्या पार्टीशी त्यांच्या भाषेत भाव ठरवते. असं माणूस पुण्याच्या कंपनीला पगार देऊनही सहजासहजी मिळत नाही.

आता मिस्टरांकडं वळतो. ते बँक म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढं २०२० असणार. २५ मार्चला लॉकडाऊन लागलं, लग्नसराई आणि मे महिना दोन्ही गेले. हप्त्यांना ऑगस्टअखेरपर्यंत सवलत मिळाली, पण व्याज चालूच होतं. ज्यानं तो उन्हाळा गाड्यांना ताडपत्री घालून काढला, तो बाप मुलीला बँकेत बसवायला बघणारच. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. परीक्षा तिनं जरूर द्यावी. कर्नाटकातल्या क्लार्कच्या जागांना कन्नड यावं लागतं आणि तिथं आपली बरीच मराठी मुलं अडतात, ती नाही अडणार. पण मनात धंदा आणि हातात बँकेचं गाइड असं तीन वर्षं चालू देऊ नका. एक वर्ष, दोन प्रयत्न, बस.

कोर्सचं थोडक्यात सांगतो. लाखभर घेऊन सहा महिन्यांत ‘ट्रॅव्हल ॲण्ड एअरपोर्ट मॅनेजमेंट’ शिकवणाऱ्या क्लासच्या दारात जाऊ नका, तिथं शिकवतात त्याहून जास्त तिला आत्ता येतं. खरंच शिकायचं असेल तर केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची ग्वाल्हेरची संस्था आहे, भारतीय पर्यटन आणि प्रवास व्यवस्थापन संस्था. तिचं गोव्यातही केंद्र आहे आणि पदवीनंतर तिथं एम.बी.ए. करता येतं. माझं स्वतःचं मत मात्र आधी वर्षभर दुसऱ्याकडं नोकरी, असं आहे. गोवा, पुणे, बेळगाव कुठंही, तिकिटं आणि हॉटेल बुकिंगच्या टेबलावर. दुसऱ्याच्या दुकानात शिव्या खाल्ल्या की घरच्या दुकानातल्या खोडी दिसायला लागतात. सोबत टॅली आणि जीएसटीचं रिटर्न. बी.कॉम. वाया जाण्याचा प्रश्न तिथंच मिटतो. आणि ड्रायव्हिंग लायसन्स काढू दे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४मध्ये सांगितलंय की ७,५०० किलोच्या आतलं प्रवासी वाहन हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येतं, आणि टीटी त्यात बसते. तिनं रोज गाडी चालवावी असं नाही. पण क्लच जळतोय की ड्रायव्हर सबब सांगतोय हे स्टिअरिंगवर बसल्याशिवाय कळत नाही.

खरी अडचण रात्रीची किंवा ड्रायव्हर लोकांची नाही. चार महिने तिच्या हातून भत्ता मिळाला की ड्रायव्हर ‘अक्का, अक्का’ करत येतील. अडचण घरात आहे. समजा मे महिना आहे, ड्रायव्हर गोव्याच्या लग्नाची ट्रिप करून पहाटे पाचला आलाय आणि काकांनी सातची तिरुपती घेऊन ठेवलीय. मोटार वाहतूक कामगारांचा १९६१चा कायदा दिवसाला आठ तास, लांबच्या पल्ल्याला फार तर दहा तास म्हणतो. आपल्याकडं काका म्हणतात, ‘चहा पाज, जाईल तो.’ त्या वेळी तुमची मुलगी ‘ही गाडी जाणार नाही, दुसऱ्याची लावा’ म्हणाली, तर ते राहील का? की चुलतभाऊ चावी उचलून निघून जाईल? याचं उत्तर तिनं धंद्यात यायच्या आधी मिळवा, आणि चौघांसमोर मिळवा. राहत असेल तर तिला येऊ दे. नसेल, तर ती तिथं फोन घेणारी दुसरी ‘फक्त’ होईल. तसं असेल तर मी तिला बँकेतच जा म्हणेन.

फर्म कुणाच्या नावावर आहे हेही त्याच बैठकीत विचारा. दोघा भावांची भागीदारी तोंडी असेल तर आधी ती कागदावर येऊ दे. चुलतभावाला काय मिळतं, तिला काय मिळणार, हे पहिल्या महिन्यापासून बँकेतून दिसलं पाहिजे. ‘घरचंच आहे, लागेल तसं घे’ या वाक्यानं घरं फुटलेली मी बघितलीत. विचारलंत म्हणून जाऊबाई चार दिवस फुगतील, फुगू देत.

त्याआधी तिला सुट्टीत एक काम द्या. मागच्या हंगामातली एकच ट्रिप घ्यायची, गोकर्ण-मुर्डेश्वरची समजा, आणि तिचा पूर्ण हिशेब मांडायचा. जाऊन-येऊन ७०० किलोमीटर आणि बस लिटरला पाच देत असेल तर १४० लिटर डिझेल, इथवर सगळेच धरतात. त्यापुढं टोल, पार्किंग, ड्रायव्हर-क्लीनरचा भत्ता. मग दोन दिवसांचा हप्ता, विम्याचा आणि टॅक्सचा दोन दिवसांचा वाटा, टायरची झीज, एफसीच्या (गाडीच्या फिटनेस सर्टिफिकेटच्या) आधी होणाऱ्या कामाची तरतूद. गाडी धुणाऱ्या पोराचे पैसेसुद्धा. ती ट्रिप फायद्याची होती की नुसती पळापळ होती, ते तिच्या वडिलांनाही पहिल्यांदाच आकड्यांत दिसेल. बाप-लेकीचं भांडण निम्मं तिथंच संपेल, कुठल्या बाजूनं ते मला सांगता येणार नाही.

त्या कागदावर शेवटची एक ओळ तुमच्यासाठी रिकामी सोडायला सांगा. त्या दोन दिवसांच्या ट्रिपसाठी किती फोन केलेत, किती वेळा यादी बदललीत, पहाटे किती वाजता उठलात ते आठवून तुमच्या कामाचे रुपये त्या ओळीत स्वतःच्या हातानं लिहा. मिस्टरांना विचारून नको. आकडा काय लिहिलात तेवढं मला कळवा, मग मुलीच्या पगाराचं आपण बोलू.