स्टीमसारख्या, कॉम्प्युटर गेम ऑनलाइन विकणाऱ्या सेवांमुळे गेम पायरेट करणं खरंच कमी होतं का?

माझं तरी सुटलं. पण मी सुधारलो वगैरे काही नाही, पायरसीचाच कंटाळा आला.

२०१० च्या सुमारास आमच्या होस्टेलवर विकत घेतलेला गेम कुणाकडेच नव्हता. पेन ड्राइव्हवरून आयएसओ, म्हणजे गेमच्या डिस्कची अख्खी नक्कल असलेली फाइल, फिरायची. ती माउंट करा (खरी डिस्क घातल्यासारखी उघडा), अँटिव्हायरस बंद करा, क्रॅकच्या, म्हणजे गेमचं कुलूप तोडणाऱ्या, फोल्डरमधली फाइल मूळ फाइलच्या जागी पेस्ट करा आणि देवाचं नाव घ्या. गेम मध्येच अडकला तर दुरुस्तीचा पॅच नाही, मशीन फॉरमॅट मारलं की सगळे सेव्ह गेले. तरी विकत घेण्यापेक्षा हेच सोपं होतं! स्टीमवर किमती डॉलरमध्ये, आणि बाबांच्या डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार चालत नव्हते. खिशात पैसे असून देता येत नव्हते.

नोव्हेंबर २०१५ मध्ये स्टीमने आपल्यासाठी रुपयांत किमती लावल्या. सेलमध्ये जुने चांगले गेम दोन-तीनशेला मिळायला लागले, आता तर यूपीआयनेही पैसे भरता येतात. त्याच वर्षी रिफंडही सुरू झाला होता: घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत. ‘आधी क्रॅक खेळून बघतो, आवडला तर घेतो’ ही माझी लाडकी सबब तिथेच संपली.

स्टीमवाल्या व्हॉल्व्हचे गेब न्यूवेल २०११ मध्ये म्हणाले होते की पायरसीचा प्रश्न बहुतेक वेळा किमतीचा नसतो, सेवेचा असतो. मला हे अर्धंच पटतं. डॉलरची किंमत नुसती रुपयांत छापली असती तर मी हललोही नसतो.

पण सेवेचा भाग खोटा नाही. पोलंडमध्ये नव्वदच्या दशकात बाजारात उघड्यावर पायरेटेड सीड्या विकल्या जायच्या. तिथल्या सीडी प्रोजेक्ट या कंपनीने १९९९ मध्ये ‘बॉल्डर्स गेट’ हा गेम पोलिश भाषेत, पोलिश नटांच्या आवाजात आणला, खोक्यात नकाशा वगैरे घालून. चोरट्या प्रतीपेक्षा महाग असूनही तो जोरात खपला.

उलट अनुभव गेल्या दिवाळीतला. माझ्या भाच्याने साठवलेल्या पैशांतून एक महागडा गेम घेतला. एकट्याने खेळायचा, पण इंटरनेटशिवाय सुरूच होत नाही. आजोळी, गावाला रेंजची बोंब. दोन दिवस लॅपटॉप घेऊन गच्चीवर फिरला, मग हळूच येऊन म्हणाला, “मामा, याचा क्रॅक मिळेल का रे?”