छत्रीचा भाव, हरवलेली माणसं आणि स्टेशनचा ब्रेक

मागच्या अंकात याच पानावर 'रोलरकोस्टर टायकून क्लासिक'बद्दल मी जेमतेम दहा ओळी लिहिल्या होत्या. नव्या मोबाईलमध्ये सगळ्यात आधी कोणता खेळ घेतला, एवढंच सांगायचं होतं. त्यावर आलेली पत्रं आणि मेल वाचायला मला दोन रविवार लागले. विलेपार्ल्याच्या एका वाचकांनी लिहिलंय की पार्क उघडल्यावर मेरी-गो-राऊंडचं संगीत कानावर पडलं, आणि पार्ल्याला उतरायचं राहून ते थेट बोरिवलीला पोचले. कुणी जुनी सीडी अजून कपाटात जपून ठेवलीय. माझंही तसंच आहे, म्हणून या वेळी सगळं पान या एकाच खेळाला देते.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: तुमच्याकडे एक मोकळी जागा असते, थोडे पैसे आणि कर्ज. त्यावर मनोरंजन उद्यान उभारायचं. स्कॉटलंडच्या क्रिस सॉयर यांनी तो १९९९मध्ये आणला आणि त्याचा जवळजवळ सगळा कोड त्यांनी एकट्याने असेंब्ली भाषेत, म्हणजे प्रोसेसरच्या अगदी जवळ जाऊन लिहिला. चित्रं सायमन फॉस्टर यांची, संगीत ॲलिस्टर ब्रिंबल यांचं. २००२मध्ये दुसरा भाग आला. हे दोन्ही भाग एकत्र करून डिसेंबर २०१६मध्ये जो मोबाईलवर आला, तो हा 'क्लासिक'.

प्रश्न (परळ): मोबाईलवर फुकटचे खेळ ढिगाने आहेत. यासाठी पैसे का मोजायचे? आधी एक उद्यानाचा खेळ घेतला होता, त्यात पाळणा बांधायला चार तास थांबा नाहीतर नाणी विकत घ्या, असा प्रकार होता. पुन्हा तसंच निघालं तर?

तसं नाही, हे खात्रीने सांगते. एकदा पैसे दिले की बांधकाम लगेच होतं, थांबावं लागत नाही, नाणी-हिरे वगैरे काही नाही. इंटरनेटही लागत नाही. मी दहिसर ते चर्चगेट जाते-येते, मधे रेंज गेली तरी माझं पार्क चालूच असतं. वेगळे पैसे लागतात ते जादा भागांना: 'वॅकी वर्ल्ड्स', 'टाइम ट्विस्टर' आणि 'टूलकिट'. पण मूळ खेळातच ९५ पार्कं आहेत. ती संपल्याशिवाय त्यांच्याकडे बघायचीसुद्धा गरज नाही.

चार तास थांबायला लावणाऱ्या खेळावरचा तुमचा राग मला पूर्ण पटतो. माणूस खेळायला बसलाय आणि खेळ त्याच्या खिशात हात घालतोय, याला खेळ म्हणू नये.

प्रश्न (भांडुप, इयत्ता सातवी): ताई, मी स्वतः डिझाइन केलेल्या कोस्टरमध्ये कोणीच बसत नाही. तिकीट एकदम कमी केलं, तरी रांग रिकामी. खूप उंच आणि खूप फास्ट आहे.

अरे, तूच उत्तर दिलंस बघ. खूप उंच आणि खूप फास्ट!

प्रत्येक राइडला तीन आकडे असतात: एक्साइटमेंट, इंटेन्सिटी आणि नॉशिया. मजा किती, धसका किती आणि पोट किती ढवळणार. तू गेट उघडण्याआधी राइड टेस्टवर सोडली होतीस का? पिवळा दिवा लाव, गाडी रिकामी फिरू दे, मग आकडे दिसतील. इंटेन्सिटी दहाच्या वर गेली असेल, तर तिकीट फुकट केलंस तरी लोक येणार नाहीत. त्यांना भीती वाटतेय, तिकिटाचा काही संबंध नाही. एखाद्या माणसावर बोट ठेवून त्याच्या मनातलं वाच. तोच सांगेल.

आता दुरुस्ती. पहिला चढ थोडा कमी कर. मग वळणं बघ. गाडी वेगात सपाट वळणावर गेली की माणूस बाजूला फेकला जातो. 'लॅटरल जी' म्हणतात तो हाच. बेस्टची बस वळताना दांडी धरायची राहिली की जे होतं, तेच. म्हणून वेगाच्या वळणाला ट्रॅक आतल्या बाजूला कलता ठेवायचा. एवढ्या एका बदलाने माझ्या पहिल्या कोस्टरला रांग लागली होती. तेव्हा मी तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी होते आणि लालबागच्या चाळीत दादाच्या मित्राकडे संगणक होता, त्याच्यासमोर आम्ही सहा जण बसलो होतो. पहिली गाडी भरून सुटली तेव्हा आम्ही एवढे ओरडलो की खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या.

बदल करून झाल्यावर आकडे मला कळव. वाट बघते.

प्रश्न (दहिसर): मी ७१ वर्षांचा आहे. नातवाने खेळ घालून दिला. बोट एकीकडे ठेवतो, रस्ता भलतीकडेच होतो. आमच्यासारख्यांनी नाद सोडावा का?

आजोबा, नाद अजिबात सोडू नका. खेळ मुळात माऊससाठी बनलेला, त्यामुळे सगळी बटणं बारीक आहेत. तरुणांचीही हीच तक्रार आली आहे. बांधायला घेण्यापूर्वी दोन बोटांनी चित्र पुरेसं मोठं करा. नातवाकडे टॅबलेट असेल तर त्यावर खेळा, फार फरक पडतो. आणि सुरुवातीला कोस्टर स्वतः आखू नका. तयार डिझाइन मिळतात, ती नुसती जागेवर ठेवायची. 'फॉरेस्ट फ्रंटियर्स' या पहिल्या पार्कात पहिल्या वर्षाच्या ऑक्टोबरअखेर २५० माणसं आणि ६०० रेटिंग एवढंच हवं असतं. पार्कचं वर्ष मार्च ते ऑक्टोबर, आठच महिन्यांचं, हे मात्र लक्षात असू द्या.

प्रश्न (दादर): पाऊस आला की माहिती केंद्रावरच्या छत्रीचा भाव वाढवायचा, ही युक्ती सगळ्यांना माहीत आहे. माझी बायको म्हणते हे बरोबर नाही. खेळात कसलं बरोबर-चूक? तुम्ही काय करता?

युक्ती खरी आहे. एरवी छत्रीकडे ढुंकूनही न बघणारी माणसं पावसात कितीतरी जास्त पैसे देऊन ती घेतात. पहिल्या कर्जाचे हप्ते मीही छत्र्यांवर फेडले आहेत.

पण मी आता तुमच्या बायकोच्या बाजूने आहे. जून उजाडला की दादर स्टेशनबाहेर छत्रीवाले बसतात. त्यांचा भाव सर आली म्हणून दुप्पट झाला, तर आपण दोन शब्द ऐकवल्याशिवाय राहू का? खेळातल्या माणसांचंही स्वतःचं पाकीट असतं. त्यात ठरावीक पैसे असतात. छत्रीत गेले की आइस्क्रीमला उरत नाहीत, मग 'घरी जायचंय' हा विचार डोक्यात येतो आणि माणूस गेटकडे वळतो. म्हणजे हिशेबानेही तोटाच.

पावसात खरी कमाई करायची असेल तर छप्पर असलेल्या राइड बांधा. उघड्यावरच्या राइडमध्ये पावसात बसायला लोक नकार देतात आणि बंदिस्त राइडकडे धावतात. माझ्या प्रत्येक पार्कात गेटपासून जवळ एकतरी अशी राइड असतेच. मुंबईत राहणाऱ्याला हे कोणी शिकवायला नको. आणि स्वच्छतागृहाचे पैसे मी एकाही पार्कात घेतलेले नाहीत, घेणारही नाही.

प्रश्न (मुलुंड): माझी नऊ वर्षांची मुलगी पार्कातल्या माणसांना चिमट्याने उचलून तळ्यात टाकते आणि हसते. मला काळजी वाटते. खेळ काढून टाकू का?

नका काढू. हा खेळ खेळलेल्या जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी हे केलेलं आहे. पत्रांमध्येही कितीजणांनी कबूल केलंय. माणूस बुडाला की पार्कचं रेटिंग घसरतं, हे तिला दिसलंच असेल.

तुम्ही एक करा. तिच्या शेजारी बसा आणि एका माणसाला तिच्या आजीचं नाव द्या. खेळात प्रत्येकाचं नाव बदलता येतं. मग आजी कुठे जातेय, तिला भूक लागलीय का, कोणती राइड आवडली, खिशात किती उरलेत, हे दोघी मिळून बघत राहा. मी माझ्या भाचीबरोबर हे केलं. आजीला उलटी झाली आणि बसायला बाक नव्हता म्हणून भाची अक्षरशः रडवेली झाली. दुसऱ्या दिवशी तिने प्रत्येक राइडच्या बाहेर पडायच्या वाटेवर बाक ठेवले. मला या खेळाचं सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं ते याच गोष्टीचं. पार्कात हजार माणसं असली तरी हजारांपैकी प्रत्येकाच्या मनात वेगळं काहीतरी चाललेलं असतं, आणि १९९९च्या साध्या संगणकावर सॉयर यांनी ते चालवून दाखवलं. लेकीला ते एकदा दिसू द्या. मग तळं आपोआप विसरेल.

प्रश्न (गिरगाव): रस्ते रुंद आणि ऐसपैस केले, तरी लोक हरवल्याची तक्रार करतात. असं का?

रुंद केले म्हणूनच. खेळातली जमीन चौकोनांत विभागलेली असते. दोन-तीन चौकोन रुंदीच्या रस्त्यावर माणसांना प्रत्येक चौकोनात वळायला वाव मिळतो आणि ती गोल गोल फिरत राहतात. रस्ता एकाच चौकोनाचा ठेवा, गल्ल्या कमी करा, माहिती केंद्रावर नकाशे ठेवा. तुमच्या रस्त्यांवर घाण साचत असेल, तर सफाई कामगारांना दिलेलं गवत कापण्याचं काम काढून घ्या. बिचारे दिवसभर हिरवळीत फिरत असतात.

प्रश्न (बोरिवली): गोराईचं एस्सेलवर्ल्ड बंद झालं. बाबा मला पाचवीत तिथे घेऊन गेले होते. या खेळात ते पुन्हा बांधता येईल का?

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. १९८९मध्ये सुरू झालेलं ते ठिकाण आमच्या पिढीचं पहिलंच खरं अम्युझमेंट पार्क होतं. त्याआधी आम्हाला ठाऊक होती ती माहीमची जत्रा, तिथला हाताने ढकलायचा पाळणा आणि मोठा आकाशपाळणा. आमची शाळेची सहल गेली तेव्हा लाँचमधून खाडी ओलांडताना अर्धा वर्ग काठाला लटकला होता आणि बाई एकेकाची कॉलर धरून मागे ओढत होत्या. झिपर डिपर या राइडच्या रांगेत माझा डबा सांडला, तरी मी रांग सोडली नाही.

हुबेहूब बांधता येणार नाही, पण जवळपास जाता येईल. त्यासाठी 'टूलकिट' घ्यावं लागेल, कारण सिनारिओ एडिटर, म्हणजे स्वतःचं पार्क जमिनीपासून आखायची सोय, त्यात आहे. आधी जमीन आखा: एका बाजूला भरपूर पाणी, काठाने दाट झाडी, ती आपली खारफुटी समजा. पार्कचं गेट पाण्याच्या बाजूला ठेवा. लोक लाँचमधून उतरून आत येताहेत असं वाटलं पाहिजे. राइड मोजक्याच ठेवा आणि त्यांच्यात अंतर सोडा, तिथे भरपूर चालावं लागायचं. रांगांना मात्र जागा भरपूर द्या. मला आठवतात त्या रांगाच. शेवटी एका माणसाला बाबांचं नाव आणि एकाला तुमचं. झालं की स्क्रीनचा फोटो पाठवा, परवानगी असेल तर या पानावर छापू.

प्रश्न (वडाळा): सगळं मस्त चाललं होतं, आणि एक दिवस स्टेशनमध्ये उभ्या गाडीवर दुसरी गाडी येऊन आदळली. माणसं गेली. आता त्या कोस्टरकडे कोणी फिरकत नाही. मेकॅनिक होता, तरी असं का झालं?

स्टेशनचा ब्रेक फेल झाला असणार. बाकी बिघाडांत गाडी नुसती थांबते, याच्यात ती थांबत नाही. मेकॅनिक येईपर्यंत मागची गाडी त्याच वेगाने आत शिरते.

ती राइड आता पाडा आणि नवी बांधा; अपघात झालेल्या राइडमध्ये लोक बसत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. नव्या राइडच्या तपासणीची वेळ बदला. मुळात ती ३० मिनिटांवर असते, तुम्ही १० करा. कोस्टर जुना होत जातो तसा जास्त बिघडतो, म्हणून त्याच्यासाठी वेगळा मेकॅनिक नेमा आणि त्याला फिरायला तेवढाच भाग आखून द्या.

पण खरा उपाय माझ्या वडिलांचा. ते तुमच्याच वडाळ्याच्या बेस्ट डेपोत फिटर होते. मी असाच अपघात करून तोंड पाडून घरी आले, तेव्हा त्यांनी खेळ वगैरे न विचारता एवढंच विचारलं, "स्टेशनात शिरताना गाडीचा वेग किती होता?" मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, "ब्रेक लागणारच नाही असं धरून चाल, आणि गाडी आधीच हळू कर." दुसऱ्या दिवशी मी स्टेशन उंचावर घेतलं आणि त्याच्या अलीकडे ट्रॅकला चढ दिला. गाडी आत येईपर्यंत इतकी मंदावते की स्टेशनचा ब्रेक गेला, तरी पुढच्या गाडीला फक्त हलकासा धक्का बसतो. तुम्हीही तसंच करा.