मैदा न घालता केलेला बदामाचा केक मधोमध का बसतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जूनमध्ये पुण्याहून गोव्यात पर्वरीला राहायला आलात, घरात छोटा ओटीजी, म्हणजे विजेचा ओव्हन आहे, नुसत्या बदामाचा साधा केक दोनदा केलात आणि दोन्ही वेळा तो मधोमध बसला, तळाला तेलकट चिकट थर राहिला. पुण्यात हाच केक नीट व्हायचा. मग ओव्हन बिघडला की काय?

ओव्हनवर एवढ्यात आळ घेऊ नका. माझा संशय बदामांवर आहे. ते ओले आहेत.

मी फोंड्याचा. आमच्याकडे जून ते सप्टेंबर पापड मऊ पडतात, मिठाला पाणी सुटतं, कपाटातल्या चपलांवर बुरशी येते. बदाम तेवढे कोरडे कसे राहतील? त्यात आपण ते सोलायला गरम पाण्यात घालतो. मी पहिल्यांदा हा केक केला तो जुलैत. आदल्या रात्री बदाम सोलून फडक्यावर पंख्याखाली पसरले, सकाळी हाताला कोरडे लागले म्हणून मिक्सरमध्ये घातले. दोन मिनिटांत भांड्यात कतलीचा गोळा तयार! तरीही हट्टाने तोच अंड्यात मिसळला. जे बाहेर आलं ते आईने चमच्याने खाल्लं आणि ‘शिरा बरा झालाय’ म्हणाली.

होतं काय, की बदामात निम्म्याच्या आसपास तेल असतं. ओला किंवा गरम बदाम जास्त वेळ फिरवला की पूड न होता लगदा होतो आणि तेल सुटतं. या केकात मैदा नाही, म्हणजे ग्लूटेन नाही; केक उभा धरायला फक्त फेटलेल्या अंड्यातली हवा असते. तेल त्या फेसाचं वैरी. फेस मोडला की केक आधी फुगल्यासारखा दिसतो, मग मधे खचतो आणि जड भाग तळाला जातो.

म्हणून निम्मं काम बदामांचं. 200 ग्रॅम घ्या. उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवून लगेच गार पाण्यात काढा. साल चिमटीत धरून दाबली की बदाम टुणकन उडतो, तेव्हा दुसरा हात आडवा धरा, नाहीतर अर्धे कपाटाखालून गोळा करावे लागतात. (मुगागाठींसाठी, म्हणजे मोड आलेल्या मुगाच्या गोव्याकडच्या रश्शासाठी, मूग सोलण्यात हयात गेलेल्या आईला हे काम पोरखेळ वाटतं. माझे दहा सोलून होईपर्यंत तिची वाटी भरलेली असते.) सोललेले बदाम ट्रेवर एका थरात पसरून 100 अंशांवर वीस मिनिटं ओव्हनमध्ये ठेवा. रंग बदलता कामा नये, फक्त ओल जायला हवी. एक मोडून बघा: कट्कन तुटला तर झाला, लवला तर आणखी पाच मिनिटं. मग पूर्ण गार होऊ द्या. इथे घाई केलीत तर पुन्हा शिरा.

दळताना मोजलेल्या साखरेतली दोन चमचे साखर बदामांत घाला. मिक्सर सलग चालवू नका, टिचक्या मारल्यासारखा चालू-बंद करा, थोडे थोडे बदाम घेऊन. रव्याच्या चाळणीने चाळा, वर राहिलेला चुरा पुन्हा फिरवा. जाडसर रव्यासारखी पूड हवी. सोलायचा कंटाळा असेल तर सालीसकट दळा, केक थोडा काळपट होतो, चवीला काही बिघडत नाही. पावसाळ्यात मी सरळ तेच करतो. ओव्हनमधलं वाळवणं मात्र तेव्हाही चुकवत नाही.

बाकी सामान मोजकं: चार अंडी, एकूण 150 ग्रॅम बारीक साखर, एका लिंबाची किसलेली साल, चिमूटभर मीठ. लोणी नाही, बेकिंग पावडर नाही. स्पेनमधल्या गालिसियातला सांतियागोचा प्रसिद्ध केकही बदाम, साखर आणि अंडी यांवरच उभा असतो, त्यामुळे काहीतरी राहिलं असं वाटून घेऊ नका. लिंबाची हिरवी-पिवळी सालच तेवढी किसा, खालचा पांढरा भाग कडू लागतो.

एसेन्स मी घालत नाही. बाटलीतला तो तीव्र वास कडू बदामाचा आणि जर्दाळूच्या बियांचा. आपण खातो त्या गोड बदामाला तो जवळजवळ नसतोच. पाहुणे ‘बदामाचा वास येत नाही’ म्हणतात तेव्हा त्यांना एसेन्सची आठवण येत असते. आणि समुद्राकाठच्या झाडांचे, लहानपणी दगडाने फोडून खाल्लेले देशी बदाम वेगळेच, त्या झाडाचा या बदामाशी नात्याचाही संबंध नाही. कुणी ते आणून दिले तर तसेच खा.

अंडी फ्रीजमधून तासभर आधी काढा. पिवळं-पांढरं वेगळं करा. पांढऱ्यात पिवळ्याचा थेंबही पडू देऊ नका, भांडं तेलकट नको. पिवळं आणि शंभरेक ग्रॅम साखर फिकट, दाट होईपर्यंत फेटा, त्यात लिंबाची साल आणि बदामाची पूड मिसळा. हे मिश्रण घट्ट होतं, घाबरू नका. पांढरं मीठ घालून फेटा, फेस आला की उरलेली साखर चमचा चमचा घाला. बीटर उचलल्यावर टोक उभं राहून शेंडा किंचित वाकला की थांबा. त्यापुढे फेटलंत तर फेस कापसासारखा तुटतो आणि केक बसायचं हे दुसरं कारण. आधी एक डाव फेस घट्ट मिश्रणात बिनधास्त कालवून ते सैल करा, बाकीचा मात्र तळापासून वर उलटवत, हलक्या हाताने.

सात इंची भांड्याला तळाशी बटर पेपर लावा. ओव्हन 170 अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापवा, दोन्ही कॉइल चालू, भांडं मधल्या जाळीवर. पस्तीस ते चाळीस मिनिटं लागतात. बदाम लवकर करपतो, म्हणून पंचविसाव्या मिनिटाला काचेतून बघा आणि वरचा रंग गडद वाटला तर तेव्हाच पटकन दार उघडून वर फॉइल टाका. त्याआधी दार उघडायचं नाही. कडा भांड्यापासून सुटल्या आणि काडीला ओलं पीठ न लागता दोन-चार कण चिकटले की झाला.

मधेच वीज गेली तर? पावसात जातेच. माझी एकदा तिसाव्या मिनिटाला गेली. दार बंदच ठेवलं, आतल्या उष्णतेवर आणखी पंधरा मिनिटं तसाच राहू दिला, केक वाचला, फक्त वरचा रंग फिका राहिला. दहाव्या मिनिटाला गेली असती तर आईला पुन्हा शिरा मिळाला असता.

भांड्यातच पंधरा मिनिटं गार करून मग काढा. दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. पावसाळ्यात दोन दिवसांवर बाहेर ठेवू नका.

बदाम महाग पडतात हे खरं. निम्मे काजूचे तुकडे घालून बघा, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात अख्ख्या काजूपेक्षा स्वस्त मिळतात. गोव्यात ही तडजोड जुनीच आहे: मार्झिपान ही खरं तर बदाम-साखरेच्या लगद्याची मिठाई, पण नाताळात साच्यातून काढलेली त्याची फुलं-मासे घरोघर काजूचेच असतात. दिवाळीचा फराळ आम्ही शेजारी पोचवतो आणि पंचवीस डिसेंबरला तिकडून ताट येतं, त्यात ते मी आधी उचलतो. काजू बदामाहून मऊ, लगदा लवकर होतो, म्हणून आणखी थोडे थोडे दळा.

शेवटी कुकरचं, कारण तुम्ही तेही विचारलंय. होतो. जुना जाड कुकर, रिंग आणि शिटी काढलेली, तळाला दोन वाट्या मीठ, त्यावर जाळी. झाकण लावून दहा मिनिटं तापवा, मग भांडं ठेवून मंद आचेवर पन्नासेक मिनिटं. पण उष्णता खालूनच, त्यामुळे वरून रंग येत नाही. पूर्वी बेबिंका (थराथरांचा गोड पदार्थ) नाहीतर बात (रवा-नारळाचा केक) भाजताना झाकणावर निखारे ठेवायचे ते याचसाठी. गॅसवर ती सोय नाही, वरून पिठीसाखर भुरभुरवा आणि गप्प बसा. ते मीठ नंतर स्वयंपाकात वापरू नका. गार झालं की बरणीत भरून वर ‘केकचं’ अशी चिठ्ठी लावा. आमच्याकडे चिठ्ठी नव्हती, आणि ते कैरीच्या लोणच्यात जाता जाता राहिलं.