रोझ बोल ही अमेरिकन कॉलेज फुटबॉलची मॅच एरवी कॅलिफोर्नियात असते ना, मग १९४२ ची मॅच नॉर्थ कॅरोलिनात का झाली?

पर्ल हार्बरमुळे. ७ डिसेंबर १९४१ ला जपानने तिथल्या अमेरिकन नौदल तळावर हल्ला केला, त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर जपानी विमानं येतील अशी भीती होती आणि कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनात, जिथे ही मॅच होते, एवढी गर्दी नको म्हणून लष्कराने तिथली मॅच थांबवायला लावली. मग ड्यूक युनिव्हर्सिटीने सांगितलं आमच्याकडे नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅमला या, जादा बाकडी शेजारच्या कॉलेजांकडून मागून आणली आणि १ जानेवारी १९४२ ला पावसात साधारण ५६ हजार लोकांसमोर मॅच झाली. ड्यूक सीझनभर हरली नव्हती, घरच्या मैदानावर खेळत होती, तरी समोरच्या ओरेगन स्टेट कॉलेजच्या टीमने २०-१६ ने हरवलं.

पण मला यात सगळ्यात जास्त लागते ती जॅक योशिहाराची गोष्ट. तो ओरेगन स्टेटचाच खेळाडू, जन्म जपानचा, लहानपणीच अमेरिकेत आलेला, आणि फक्त जपानी म्हणून त्याला टीमबरोबर जाऊ दिलं नाही, पुढे तर युद्धकाळात जपानी वंशाच्या लोकांना डांबायच्या आयडाहोच्या मिनिडोका छावणीत नेऊन ठेवलं. ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीने त्याला मानद डिग्री दिली ती २००८ मध्ये, म्हणजे ६६ वर्षांनी! बाकीची बरीच पोरं युद्धावर गेली, काही परत आलीच नाहीत.