२०२४ मध्ये मराठी पुस्तक न नेलेले सभासद

प्रश्न : सर, खानापूर तालुक्यातल्या आमच्या वाचनालयाचा कारभार मी जँगोवर (पायथॉन भाषेतली वेब-अ‍ॅप बनवायची चौकट) आणलाय. ‘सभासद’ आणि ‘देवघेव’ अशी दोन मॉडेल्स, म्हणजे डेटाबेसातले तक्ते. देवघेवीच्या नोंदीत सभासदाची फॉरेन की (नोंद कोणाची ते सांगणारा दुवा), पुस्तकाची भाषा आणि तारीख. २०२४ मध्ये एकही मराठी पुस्तक न नेलेल्यांची यादी समितीला हवी आहे. एक्स्क्लूडमध्ये (अटीत बसणाऱ्यांना वगळणारी आज्ञा) भाषा आणि वर्ष दोन्ही अटी दिल्या, तर यायला हवीत अशी काही नावं गळतात. असं का?

उत्तर : ताई, गळलेली नावं कोणाची आहेत ते बघा. २०२२ मध्ये मराठी कादंबरी नेली आणि २०२४ मध्ये फक्त कन्नड पुस्तकं, असेच सभासद त्यात सापडतील. अनेक नोंदींच्या नात्यावर एक्स्क्लूड दोन्ही अटी एकाच नोंदीला लावत नाही. ‘कधीतरी मराठी नेलंय का’ आणि ‘२०२४ मध्ये काही नेलंय का’ हे ते वेगवेगळं बघतं. दोन्हींना होकार मिळाला की नाव बाहेर. आपल्या बेळगाव भागात दोन्ही भाषा वाचणारे घरोघरी, म्हणून तुम्हाला हे लवकर दिसलं.

दोन्ही अटी एकाच सबक्वेरीत, म्हणजे मुख्य क्वेरीच्या आतल्या क्वेरीत, ठेवा. देवघेवीच्या नोंदी फिल्टर करा: सभासद म्हणजे आउटररेफ(‘पीके’) (बाहेरच्या क्वेरीतल्या सभासदाचा ओळख-क्रमांक), भाषा मराठी, वर्ष २०२४. ती क्वेरी एक्झिस्ट्समध्ये (‘अशी नोंद आहे का’ हे तपासणारं) घाला, त्याच्या आधी नकाराचं ~ चिन्ह लावा आणि सभासदांच्या फिल्टरला द्या. डेटाबेसकडे ‘नॉट एक्झिस्ट्स’ जातं: अशी एकही नोंद नसलेले सभासद. जँगो ३.० पासून हे थेट फिल्टरमध्ये चालतं. त्याआधीच्या आवृत्तीत आधी अ‍ॅनोटेट (प्रत्येक सभासदाला ते हो-नाही उत्तर जोडणं) करावं लागतं.

देवघेवीच्या नात्यावर ‘इजनल=ट्रू’ (नोंदच नाही) ही अट लावली, तर आजवर काहीच न नेलेले सभासद मिळतात. त्याच फिल्टरमध्ये वर्षाची अट जोडू नका. जी नोंदच नाही तिला तारीख कुठली? यादी रिकामी येईल.

आणखी एक. वाचनकक्षातल्या वाचनाची नोंद सभासदाविना करत असाल, तर सबक्वेरीवर ‘नॉट इन’ (‘या यादीत नसलेले’) वापरू नका. त्यात एक जरी नल (रिकामी किंमत) आला तरी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसची भाषा, एकही ओळ देत नाही. नॉट एक्झिस्ट्सला ही अडचण नाही.

टेस्टमध्ये २०२२ ला मराठी आणि २०२४ ला कन्नड नेणारा एक सभासद तयार करा. त्याचं नाव यादीत आलंच पाहिजे. आणि समितीला यादी देताना प्रत्येक नावापुढे त्या वर्षी नेलेली कन्नड पुस्तकंही छापा. ही मंडळी वाचणारी आहेत. मराठीत काय मागवावं, ते त्यावरूनच ठरवता येईल.