मराठी पुस्तकांच्याच नोंदी का तुटतात?

प्रश्न: नमस्कार ताई, मी गिरगावातल्या एका जुन्या वाचनालयात काम करते. आम्ही कॅटलॉग कोहा या वाचनालयाच्या सॉफ्टवेअरमधे न्यायचं ठरवलं, तर जुन्या सॉफ्टवेअरवाल्याने मार्क २१ची (कॅटलॉगच्या नोंदींचा ठरलेला साचा) फाइल काढून दिली. इंग्रजी पुस्तकं व्यवस्थित आली, पण मराठी पुस्तकांत लेखकाचं नाव अर्धंच दिसतं, उरलेलं शीर्षकाच्या सुरुवातीला जाऊन चिकटतं आणि मधेच प्रश्नचिन्हवाली काळी चौकट. तो म्हणतो फाइल स्टँडर्डप्रमाणेच आहे, तुमचा फॉन्ट गंडलाय. नोटपॅडमधे उघडून हाताने नीट करू का? अकरा हजार नोंदी आहेत हो!
– एक वाचक, गिरगाव

उत्तर: आधी नोटपॅड बंद करा, प्लीज. आणि फॉन्टचा यात काही संबंध नाही, तुम्ही लक्षणं इतकी नेमकी लिहिलीत की दोष तिथेच सापडतो.

मार्कच्या प्रत्येक नोंदीत सुरुवातीला २४ अक्षरांचा लीडर, म्हणजे नोंदीचा मथळा असतो, मग डिरेक्टरी, म्हणजे कुठलं फिल्ड किती लांब आणि कुठून सुरू होतं याची अनुक्रमणिकाच, दर फिल्डला १२ आकडे: ३ टॅगचे (म्हणजे फिल्डचा क्रमांक), ४ लांबीचे, ५ सुरुवातीच्या जागेचे. युनिकोड फाइलमधे ही लांबी बाइटमधे (संगणकाच्या साठवणीचं माप) मोजायची असते, अक्षरांत नाही. ‘मराठी’ हा शब्द घ्या, म, र, काना, ठ, वेलांटी असे ५ घटक, पण यूटीएफ-८मधे (युनिकोड साठवायची पद्धत) देवनागरीचा प्रत्येक घटक ३ बाइट खातो म्हणजे झाले १५. तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याच्या प्रोग्रॅमने ५ लिहिलं असणार. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, म्हणून तिथे चूक दिसलीच नाही! १०० क्रमांकाच्या फिल्डमधला लेखक लवकर कापला गेला, आणि २४५ फिल्डमधलं शीर्षक त्याच्या उरलेल्या भागापासून वाचलं गेलं. चौकट येते ती अक्षराच्या मधोमध काप बसला म्हणून. नोटपॅडमधे एक वेलांटी जरी वाढवलीत तरी पुढचे सगळे आकडे चुकतील.

त्याला सांगा, लांबी बाइटमधे मोजून फाइल परत काढून दे, आणि लीडरच्या ०९ जागेवर इंग्रजी छोटा ‘ए’ हवा, म्हणजे युनिकोड (मोजणी शून्यापासून, तेव्हा दहावं अक्षर बघा). तो अडून बसला तर एक्सेल मागून घ्या. मार्कएडिट फुकट मिळतं, त्यात टेबलवरून मार्क नोंदी बनवता येतात आणि लांब्या ते स्वतःच मोजतं.

मग त्यातलाच व्हॅलिडेटर, म्हणजे नोंदी नियमात आहेत का ते तपासणारा भाग चालवा. पण मला मनापासून सांगायचंय की व्हॅलिडेटर पास म्हणजे नोंद खरी असं धरून चालू नका. ००८ फिल्ड ४० अक्षरांचं, त्यात ३५ ते ३७ जागांवर भाषेचा कोड. मराठीचा एम-ए-आर, मल्याळमचा एम-ए-एल, मलयचा एम-ए-वाय, तिन्ही कोड वैधच, त्यामुळे मराठी कादंबरी मल्याळम म्हणून बिनबोभाट पास होते आणि भाषेवरून शोधणाऱ्या सभासदाला ती कधीच सापडत नाही, पुस्तक शेल्फवर असून नसल्यासारखं. हे वाईट वाटतं मला, कारण तुमच्यासारख्या वाचनालयांतली कित्येक पुस्तकं आता दुसरीकडे मिळतही नाहीत. आणि जुन्या पुस्तकांना आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) नसतोच, तिथे शून्यं भरू नका, ०२० फिल्ड सरळ वगळा.

कोहात सगळं एकदम ओतू नका. ५० नोंदी स्टेज करा (म्हणजे आधी तात्पुरत्या जागी चढवा), त्यात लांबलचक नावांची, जोडाक्षरांची, अनेक खंडांची पुस्तकं मुद्दाम घ्या, आणि ती ५० पुस्तकं खरोखर टेबलावर काढून एकेक नोंद पानाशी ताडून बघा. चुकलं तर इंपोर्ट मागे घेता येतो, पण मधल्या काळात त्या नोंदींवर पुस्तकं इश्यू करू नका.