संत्र्याची बाग तारण ठेवून अमेरिकेत शिकू का?

प्रश्न : वय 27. चार वर्षं मेळघाटात एका संस्थेत काम करते, पगार 38 हजार. अमेरिकेत मानववंशशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य अशी जोडपदवी करायची आहे. 40 लाखांचं कर्ज लागेल, तारण म्हणून बाबांची वरूडची संत्र्याची बाग. शिकून इथेच परत यायचंय. कर्ज घेऊ का?

उत्तर : बाळाचं पोट फुगलं की आई आरोग्य केंद्राआधी भूमकाकडे, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूकडे, का धावते, हे नुसत्या औषधशास्त्रानं कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. पटलं. विषय बरोबर निवडलात. कर्ज मात्र चुकीचं आहे.

चार सत्रांत दहा-दहा लाख उचललेत आणि व्याज 11 टक्के धरलं, तर शिक्षण संपून सहा महिन्यांनी हप्ता सुरू होईपर्यंत कर्ज पावणेअठ्ठेचाळीस लाखांच्या घरात गेलेलं असेल. दहा वर्षांच्या मुदतीला महिन्याला जवळपास 66 हजार. परतल्यावर 75 हजार मिळतील, हा तुमचाच अंदाज. उरले नऊ हजार. त्यात धारणीतलं खोलीभाडं, पेट्रोल आणि जेवण बसवून दाखवा! व्याजावरची करसवलतही धरू नका. ती जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि एवढ्या पगारावर नव्या प्रणालीत तसाही कर लागत नाही.

‘दोन-तीन वर्षं तिकडे नोकरी करून फेडेन’ म्हणता. पण पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या कामाच्या तात्पुरत्या परवानगीवर, 12 महिने मिळतात. पुढचे 24 महिने फक्त ‘स्टेम’ (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषयांना. साथरोगशास्त्र त्यात बसतं, मानववंशशास्त्र नाही. तुमची पदवी कोणत्या विषय-कोडखाली नोंदली जाते, ते विद्यापीठाकडून लेखी घ्या.

बाबा हो म्हणालेत. बाप हो म्हणणारच. पण आंबिया बहाराची फळगळ झाली त्या वर्षीही बँकेचा हप्ता येतोच, आणि त्यांचं म्हातारपण त्याच बागेवर आहे.

मी असतो तर वर्षभर थांबलो असतो. फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपमध्ये सार्वजनिक आरोग्य हा विषय आहे, तीन वर्षांचा अनुभव मागतात, तुमच्याकडे चार आहे. बाकी अटी तपासा. संशोधनच करायचं असेल तर थेट पीएचडीचा विचार करा : अमेरिकेत तिथे बऱ्याचदा फीमाफी आणि विद्यावेतन मिळतं, एमएवाल्यांना सहसा खिशातून भरावं लागतं. काही विद्यापीठांत पीएचडीसोबत एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातलं मास्टर्सही, करता येतं.

फीमाफी मिळून गरज 12 लाखांवर आली, तर कर्ज खुशाल घ्या. हप्ता वीस हजारांच्या आत राहील. तोवर सातबाऱ्यावर बोजा नको. आणि मिळालेला प्रवेश वर्षभर पुढे ढकलता येतो का, हे विचारणारा मेल आजच टाका.